शनिवार ते शनिवार

"म्हंजे पाळी," असं दादा पुण्याच्या त्या गारेगार हॉटेलात एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी माना खाली घातल्या आणि आईनं पदराचं टोक तोंडात धरलं. दादा म्हणजे माझे वडील. कुठल्याशा प्रदर्शनात भरलेल्या कुपनावर त्यांचं नाव निघालं होतं, नवराबायकोला फुकट जेवण होतं, आणि जेवणाआधी टाय लावलेला एक पोरगेला माणूस टाइमशेअर म्हणजे काय ते समजावून सांगत होता. रिसॉर्टमधली खोली एक, तिचे धनी अनेक, आणि दरेकाला वर्षातला एक आठवडा. तेवढे दिवस खोली त्याची, बाकी वर्षभर तिच्याशी त्याचा संबंध नाही. शहरातली शिकलीसवरली माणसं कपाळाला आठ्या घालून पुन्हा पुन्हा विचारत होती, मग खोली नेमकी कुणाची? दादांना विचारायची गरजच पडली नाही. टायवाला "तसंच काहीतरी, काका" म्हणाला आणि दादांनी तिथंच सही ठोकली. शहराची एक तरी गोष्ट आपल्याला शहरवाल्यांच्या आधी कळली, या आनंदात त्यांनी ती घेतली, दुसरं काही कारण नव्हतं. हे मला आईनं सांगितलेलं. सांगताना ती दर वेळी हसून लाल व्हायची आणि मग म्हणायची, "आगं, येवढ्या लोकांत असं बोलत्यात व्हय?"

आता ज्यांच्या घरी सामायिक विहीर नव्हती त्यांना ही पाळी सांगावी लागेल. राजुरीला आमची आणि आमच्या थोरल्या चुलत्यांची, म्हणजे नानांची, विहीर एकच होती. रानाच्या वाटण्या झाल्या, घराच्या झाल्या, भांड्यांच्या झाल्या, पण विहिरीचे दोन तुकडे कसे करणार? मग एक आठवडा पाणी आमचं, एक आठवडा नानांचं. मोटरी दोघांच्या वेगळ्या, विजेची पेटी मात्र एकच. शनिवारी पाळी बदलायची. ज्याची पाळी सरली त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं, मोटरच्या पेटीची किल्ली पुढं करायची आणि म्हणायचं, "घ्या, पाणी तुमचं." घेणाऱ्यानं विचारायचं, "बूड राखलंय?" देणाऱ्यानं म्हणायचं, "राखलंय." बूड म्हणजे तळाचं पाणी. पाइपाचं तोंड बुडेल एवढं पाणी मागून येणाऱ्यासाठी सोडायचंच, नाहीतर मोटर नुसती हवा ओढते आणि जळते. एवढं बोलणं झालं की चहा व्हायचा. मी लहान असताना मला वाटायचं, जगातली सगळी माणसं शनिवारी असंच एकमेकांकडं जातात.

मग एका उन्हाळ्यात नानांची मोटर जळाली. पाळी आमच्याकडून त्यांच्याकडं गेली त्याच दिवशी जळाली. नाना चार माणसांत म्हणाले, बूड राखलं नव्हतं. दादा म्हणाले, राखलं होतं, यानंच पाणी न बघता मोटर चालू केली. कोण खरं होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला आता त्याचं काही पडलेलंही नाही. पण त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलायचे बंद झाले. विहिरीशेजारच्या बोरीच्या झाडाला एक खिळा ठोकला गेला. शनिवारी एकानं किल्ली खिळ्याला अडकवायची, त्यानं पाठ फिरवली की दुसऱ्यानं काढून घ्यायची. दोघं एका बांधावर असले तरी एक पूर्वेला बघायचा, दुसरा पश्चिमेला. त्यात आई आणि थोरली काकू चोरून एकमेकींना वाटीभर कालवण द्यायच्या, ते वेगळं.

मी दहावीला होते त्या वर्षी टाइमशेअरवाल्या कंपनीनं आमच्या पदरात जो आठवडा टाकला, तो भर उन्हाळ्यातला आणि नेमका आमच्या पाण्याचा. शनिवार ते शनिवार पाळी तिकडं, शनिवार ते शनिवार पाळी इकडं. टोमॅटो ऐन फुलात होता. फुलातल्या टोमॅटोला पाण्याचा ताण पडला की फूल गळतं, आणि गळलेलं फूल कुणाच्या बापाला परत लावता येत नाही. शहाण्या माणसानं काय केलं असतं? नानांकडं गेला असता आणि म्हणाला असता, या खेपेला पाळी बदलून घेऊ. पण त्याला तोंड उघडावं लागलं असतं. बरं, रिसॉर्टला जायचं नाही म्हणावं, तर तेही नाही. पाळी सोडायची नसते, हे दादांच्या रक्तातच होतं. पाण्याची असो की खोलीची, आपली पाळी आपण सोडली म्हणजे आपण गेलो कामातून. मग किसन नावाच्या गड्याला त्यांनी पाणी भरायला बजावून ठेवलं, त्याला एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितली की किसन शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमी जाताय का मी जाऊ?"

आम्ही निघालो ते लग्नाचं बिऱ्हाड निघावं तसे. खोलीत छोटं स्वयंपाकघर आहे हे आईनं ऐकलं होतं, म्हणून बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पिशवी, आणि विश्वास नको म्हणून घरचा तवा. आळेफाट्याहून एसटी, मंचरला बदलून घोडेगाव, आणि तिथून शिनोलीच्या रस्त्यानं जीप. माझा धाकटा भाऊ गणू, तेव्हा दुसरीत असेल, सगळा रस्ताभर विचारत होता, आलं का? मीही मनात तेच विचारत होते. माझी दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि त्या दिवसांत मला कुठंच बसवत नव्हतं. घरात असले की बाहेर, बाहेर गेले की घरी. अंगात नुसती चुळबुळ.

रिसॉर्ट लांबूनच दिसलं, कारण ते गुलाबी होतं. डोंगराच्या पायथ्याला परदेशी गोष्टीतला असतो तसला टोकदार मनोऱ्यांचा राजवाडा, दारात तोंड वासलेला एक भलामोठा मासा, त्याच्या तोंडातून पोरं घसरत पाण्यात पडत होती. शिवनेरी बघत वाढलेली माणसं आम्ही. दादांनी आत शिरता शिरता बुरजावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "पोकळ हाय." गणूला तेवढं ऐकायला वेळ नव्हता. तो कपडे काढत पळाला, आणि पुढच्या शनिवारपर्यंत आम्ही त्याला ओलाच पाहिला. आमची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीतून आकाशपाळणा दिसायचा, आणि दिवसभर एक आवाज यायचा, पोरांच्या ओरडण्याच्या खालून येणारा, एकसुरी, घरघरणारा. माशाच्या पोटात पाणी चढवणारी मोटर. बाकीच्यांना तो आवाज ऐकूही येत नसावा. दादांना दुसरं काही ऐकू येईना. चहा पिता पिता कप हातात धरून थांबायचे. "चालूच हाय," म्हणायचे. "सकाळधरनं चालूच हाय."

आईचं निराळंच दुखणं. पहाट झाली की तिचे डोळे उघडायचे आणि करायला काही नसायचं. ना गोठा, ना चूल, ना धुणं. नाश्ता खाली तयार मिळायचा, पोहे नि उपमा, आणि ती ताट हातात घेऊन वाढणाऱ्यालाच विचारायची, तू खाल्लंस का बाबा? पहिल्या दिवशी तिनं खोली झाडून, टॉवेल भिजवून फरशी पुसून काढली. साफसफाईला मंगल नावाची शिनोलीची मुलगी यायची, माझ्याहून चारदोन वर्षांनी मोठी. तिनं दारातूनच बघितलं आणि डोक्याला हात लावला. "मावशी, तुमी पुसलं तर मला घरी बसवतील," म्हणाली. "तुमी नुसतं बसा की. लोकं बसायलाच येत्यात." आई बसली. पलंगाच्या काठावर, पाहुण्यांच्या घरी मुलगी दाखवायला आणल्यावर बसतात तशी, गुडघे जुळवून. मंगल पुसत होती आणि आई ती पुसत असलेल्या प्रत्येक फरशीकडं बघत होती. कोपरा राहिला तेव्हा तिचा हात नुसता उचलला गेला आणि परत मांडीवर आला.

तिसऱ्या दिवशी मला पाळी आली. हे मी आज सरळ लिहिते. तेव्हा हा शब्द आमच्यात फक्त पाण्यासाठी मोठ्यानं बोलला जायचा. दादांनी पुण्यात त्याचा केलेला बोभाटा सोडून. घरी असते तर पडवीत वेगळ्या पोत्यावर बसले असते, पाणीसुद्धा कुणीतरी वरून ओतलं असतं. इथं काय करायचं? मी आईच्या कानात सांगितलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, "हितं कोण इचारतंय? झोप गादीवर." पाण्यात जायचं तर राहिलंच, म्हणून आम्ही दोघी तळ्याकाठच्या बाकावर बसलो. गणू माशाच्या तोंडातून पडत होता, उठत होता, पुन्हा पायऱ्या चढत होता. माझे पाय जाग्यावर थांबत नव्हते. आणि आईनं तेव्हा एक गोष्ट सांगितली, समोर बघत, कुणाला तरी रस्ता सांगावा इतक्या साध्या आवाजात. नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला ते बाहेर बसायचे दिवस आवडायचे. शिवायचं नाही म्हणून चूल सुटायची, भांडी सुटायची. "पोत्यावर का हुईना, बसायला मिळायचं," ती म्हणाली. "तेवढीच बाईची पाळी. बाकी सारं दुसऱ्याचं." मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच चिडले आणि म्हटलं, काहीतरीच बोलतेस. ती हसली.

त्याच संध्याकाळी ती पहिल्यांदा आकाशपाळण्यात बसली. माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. पाळणा वर गेला, खालची माणसं चढवायला थांबला, आणि आम्ही दोघी अधांतरी लोंबकळत राहिलो. मी नुसती समोरच्या दांडीकडं बघत होते. आई मात्र मान वळवून चारी दिशा बघत होती. राजुरी दिसते का, विचारलं. मी म्हटलं, छे, मध्ये केवढे डोंगर. "बरं झालं," म्हणाली. मग जरा वेळानं, "हितं थांबलं तरी चालंल." खाली आल्यावर पाळणेवाल्याला म्हणाली, आणखी एकदा फिरव रं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती पाळण्याच्या रांगेत असायची, लहान पोरांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन.

इकडं दादांचं बस्तान काही बसेना. ते खोलीत यायचे, खिडकीत जायचे, खाली उतरायचे, मोटरच्या खोलीला बाहेरून एक फेरी मारायचे आणि वर यायचे. पलंग मऊ लागतो म्हणून जमिनीवर झोपायचे आणि जमिनीवर झोप येत नाही म्हणून उठून बसायचे. गावात आमच्या आळीला फोन एकच, दूध डेअरीत. रोज सकाळी दादा रिसेप्शनवरून तिथं फोन लावायचे आणि डेअरीवाल्याला विचारायचे, आमची मोटर चालल्याचं ऐकू येतं का? मंगळवारी सकाळी त्यानं सांगितलं, राव, किसन तर पेठ गावाला गेलाय सासुरवाडीला, सासरा आजारी पडला म्हणून. कालपासून मोटरचा आवाज न्हाई. ऊन लई हाय हिकडं.

दादा वर आले आणि पिशवी भरायला लागले. एकदम हलके झाले होते, हे मला तेव्हाही दिसलं. तीन दिवस ज्या चुळबुळीला कारण नव्हतं तिला आता कारण मिळालं होतं. "चला," म्हणाले, "बास झालं. समद्यांनी चला. दुपारपातूर घरी जाऊ." गणूनं गळा काढला. मी बुटाचे बंद बांधायला घेतले. खोटं कशाला बोलू, मलाही तिथून निघायचंच होतं, मला तर प्रत्येक जागेवरून निघायचं असायचं. आई खिडकीपाशी होती. ती वळली नाही.

"तुमी जावा," ती म्हणाली. "माझी पाळी आजून सरली न्हाई."

दादा पिशवीत हात घालून तसेच उभे. त्यांना वाटलं ती थट्टा करते. मग तिनं चेहरा वळवला आणि थट्टा नाही हे त्यांना दिसलं. ते म्हणाले, टमाटा जाईल. ती म्हणाली, मग भावाला सांगा. ते म्हणाले, मरेन पण त्याच्या दारात जाणार न्हाई. ती म्हणाली, दारात कशाला, फोन हाय की खाली. दादांनी पिशवीचा बंद असा ओढला की तो तुटला. म्हणाले, मी एकटा जातो, घोडेगावची गाडी मिळंल, तुमी बसा पाळण्यात. हे शेवटचं टोचून म्हणाले. आणि धाडधाड जिना उतरले.

आता कुणाला वाटेल, जाऊ द्यायचं की त्यांना. तेच तर आईला नको होतं. एकटे गेले असते तर रोज भाकऱ्या कोण थापणार, म्हणून उद्या निरोप आला असता, गणू रडला म्हणून परवा आम्ही निघालो असतो, आणि आईचा आठवडा गेला असता. तिला हे पाठ होतं. ती मला म्हणाली, चल, तो फोन कसा लावायचा दाखव. सकाळची वेळ होती. दूध घालायला नाना त्या वेळी डेअरीत असणार हेही तिला पाठ होतं.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नसे. समोर आले तर पदर ओढून भिंतीकडं व्हायचं, काही सांगायचं तर पोराच्या तोंडून. आईच्या लग्नाला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती आणि नानांशी ती एक शब्द बोलली नव्हती. भांडणाचा यात काही संबंध नाही. चांगले दिवस होते तेव्हाही नाही.

मी नंबर फिरवला. डेअरीवाल्यानं उचलला, मी नानांना द्या म्हटलं, आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. तिनं आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार कपाळापर्यंत. फोनवर! आणि मग रिसीव्हर पदराच्या आत, कानाला लावला. मी इतकी चिकटून उभी होते की पलीकडच्या दुधाच्या कॅनचे आवाजसुद्धा मला येत होते.

"कोन बोलतंय?" नाना म्हणाले.

पुन्हा तेच. "कोन हाय?" त्यांनी तिचा आवाज स्वयंपाकघरातून, गोठ्यातून, पडद्याआडून इतकी वर्षं ऐकला असेल, पण आपल्याशी बोलताना कधी ऐकला नव्हता. आणि नवऱ्याचं नाव घेऊन ओळख सांगणं तिच्यानं होण्यातलं नव्हतं.

"मी. धाकटी."

पलीकडं कॅन वाजायचे थांबले. सगळी रांग ऐकत असणार. आई मग न थांबता बोलली, पाठ केल्यासारखं. "पाळी आमची हाय, पन मानूस न्हाई. टमाट्याला पानी द्या. तुमच्या पाळीला हे तुमचं रान भिजवतील. सावड म्हनून मागते."

सावड म्हणजे आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. त्यात उपकार नाहीत आणि हिशेब नाही. आणि मागितलेली सावड उगाच कुणी नाकारत नाही, हे नानांनाही माहीत होतं.

"त्याला बोलाया काय झालं?" नाना म्हणाले.

"ते त्यांना इचारा. मी माझं मागते."

पलीकडं पुन्हा एक कॅन वाजला. मग नाना म्हणाले, "यायचं कवा?" "शनिवारी. पाळी सरल्यावर." "किल्ली?" "खिळ्याला आसंल, किसन तितंच ठिवतो." आणि फोन ठेवल्याचा आवाज. हो नाही, ना नाही. आईनं रिसीव्हर मला दिला आणि तिथल्या गुबगुबीत कोचावर मटकन बसली. रिसेप्शनवरचा पोरगा पाणी आणू का म्हणाला, आणि ती त्या आठवड्यात पहिल्यांदा, स्वतः न उठता, "आन" म्हणाली.

दादा फाटकाबाहेर जीपची वाट बघत होते. आईनं मला पाठवलं नाही, स्वतः गेली. मी मागं. ती त्यांना म्हणाली, भावजींकडं सावड मागितली. दादांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "तू बोललीस? त्याच्याशी?" आणि मग, "काय म्हनला?" "न्हाई म्हनले न्हाईत," आई म्हणाली. जीप आली, हॉर्न वाजवून थांबली. दादा चढले नाहीत. चढणार कसे? मागितलेल्या सावडीवर जाऊन उभं राहायचं नसतं. तो समोरच्याचा अपमान. डेअरीत फोन करून पाणी दिलं का विचारणं तर त्याहून वाईट, सगळ्या गावात अविश्वास दाखवल्यासारखं. आईनं त्यांना असं बांधून टाकलं होतं की कासरासुद्धा दिसू नये. मला वाटतं तिनं हे सारं खिडकीपाशी उभी असतानाच जुळवलं होतं. मी पुढं कितीदा विचारलं, तिनं कबूल केलं नाही.

उरलेले दिवस दादांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. टोमॅटो भिजला की वाळला, हे त्यांना शनिवारशिवाय कळणार नव्हतं. जेवताना घास हातात राहायचा. ऊन चढायला लागलं की आकाशाकडं बघायचे. एका दुपारी मी त्यांना तळ्याच्या काठावर बसलेलं पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून. गणू त्यांच्या अंगावर पाणी उडवत होता आणि ते त्याला ओरडत नव्हते. मोटरचा आवाज चालूच होता. "हे पानी तेच तेच फिरतंय," मला म्हणाले. "कुठं जात न्हाई आन काय पिकवत न्हाई." मग जरा थांबून, "पन गार हाय."

आई मात्र बसायला शिकली. गुडघे सुटे झाले. मंगल फरशी पुसायला आली की आई पलंगावर पाय वर घेऊन तिच्याशी गप्पा मारायची, शिनोलीला भात कोणता करता, नाचणी होते का, घरी कोण कोण आहे. कोपरा राहिला तरी बघायची नाही. मला त्या दिवसांत वाटायचं, ही बाई मला नीट माहीत नाही. आज माझ्याच मुली मला म्हणतात, आई, दोन मिनिटं बस ना, आणि मला ते जमत नाही. तेव्हा ती पलंगावरची आई आठवते.

शनिवारी सकाळी खोली सोडायची होती. सगळ्यांच्या पांघरुणांच्या घड्या झाल्या, पिशव्या दारात आल्या, आणि आई खुर्ची ओढून दारात बसली. खालून पोरगा किल्ली मागायला आला. आई म्हणाली, आमच्यामागं ज्यांची पाळी हाय ते आले की देते. त्यानं समजावलं, मावशी, किल्ली आमच्याकडं द्यायची असते. ती म्हणाली, तुझी कशाला, तुझी काय पाळी हाय? दादा जिन्यात उभे होते. घरी जायची सगळ्यांत जास्त घाई त्यांना, पण या बाबतीत ते तिच्या बाजूचे. पाळी हातात दिल्याशिवाय कसं निघायचं? शेवटी ठाण्याहून एक कुटुंब आलं, नवराबायको आणि दोन झोपाळू पोरं. आईनं त्या बाईला आत नेलं, साखरेचा डबा उघडून दाखवला. तळाशी साखर ठेवली होती. चहापत्ती ठेवली होती, तेल, थोडं पीठ, माठ भरून पाणी, चार कांदे. सगळ्या डब्यांचं बूड राखलं होतं. मग किल्ली पुढं केली.

"घ्या, पानी तुमचं."

ती बाई गोंधळून म्हणाली, "हो हो, थँक्यू. गीझर चालू आहे ना?"

परतीच्या एसटीत दादा दाराजवळच्या जागेवर बसले. आळेफाट्याला उतरल्यापासून दादा आमच्या पुढं चालत होते, मग जवळजवळ पळतच होते. रान घराच्या आधी लागतं. बांधावर पोचल्यावर ते उभे राहिले, खाली बसले, वरंब्यातली माती मुठीत घेतली. ओली होती. मी वाकून बघितलं. पिवळी फुलं फांद्यांवर होती, खालच्या फुलांच्या जागी हिरवे मणी धरले होते. दादांनी मूठ सोडली नाही. तसेच घरापर्यंत आले, मुठीत माती घेऊन.

आणि ओट्यावर नाना बसले होते. भांडणानंतर पहिल्यांदा आमच्या ओट्यावर. दादा अंगणात थबकले. आई पदर ओढून भिंतीकडं झाली. नानांनी कुणाकडं न बघता किल्ली काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली.

"आजपातूर पाळी तुमची व्हती," ते जमिनीला म्हणाले. "माझी मीच कशी घिऊ? दिल्याबिगर घेत नसतो." दादा पुढं झाले तसे नाना म्हणाले, "तू न्हाई. जिनं मागितलं तिनं द्यावी."

मग आई भिंतीपासून सुटली. ओट्याशी आली, किल्ली उचलली. पदर कपाळावर होता, पण तोंड उघडं होतं.

"घ्या, पानी तुमचं."

नानांनी हात पुढं केला. किल्ली घेतली. आणि विचारायचं ते विचारलंच, "बूड राखलंय?"

दादांची मान खाली गेली. आई म्हणाली, "ह्या बारीला तुमीच राखलंय, भावजी."

नाना किल्ली बोटांत फिरवत राहिले. उठले नाहीत. पाळी दिल्यावर चहा होतो, आणि तो झाल्याशिवाय कुणी उठत नाही, हे आम्हाला सगळ्यांना आठवलं. दादांनी आईकडं बघितलं. आई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली, पाय लांब केले आणि म्हणाली, "च्या तुमी टाका. माझी पाळी रातपातूर हाय."

दादांनी मुठीतली माती अंगणात झाडली आणि आत गेले. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग भांडं पडल्याचा, मग एकामागून एक डबे उघडल्याचा. साखर सापडत नव्हती. आई ओट्यावर बसून ऐकत होती. साखर कुठं आहे ते तिनं सांगितलं नाही.